तक्रारीचीही पावती फाडा

यंदाच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घरकुलांच्या यादीवर दहा मिनिटं चर्चा झाली आणि हजार रुपयांच्या एका पावतीवर सव्वा तास. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगणारं. पावती होती तालुक्याच्या एका सेवाभावी संस्थेची. सरकारी दवाखान्यात भरती असलेल्यांच्या नातेवाइकांना ही संस्था दोन वेळचं जेवण देते. काम चांगलं आहे, त्या पंगतीत मी स्वतः वाढलेलं आहे. संक्रांतीच्या आगेमागे, कापसाचा पैसा घरात आलेला असतो तेव्हा, संस्थेची पोरं मोटारसायकलवर गावोगाव फिरून वर्गणी गोळा करतात. त्यातली दोघं सत्तरी ओलांडलेल्या एका आजीच्या दारात उभी राहिली. मुलगा वावरात गेलेला. "बाजूच्यानं हजार देल्ले, आजी," एवढं सांगून त्यांनी हजाराची पावती फाडली आणि कृषी केंद्राच्या उधारीसाठी पेटीत ठेवलेले पैसे घेऊन ती दोघं पुढच्या घरी गेली. संध्याकाळी सातवीतल्या नातवानं पावती वाचून दाखवली. तिच्यावर नाव होतं आजीच्या नवऱ्याचं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

बाजाराच्या दिवशी आजी ती पावती घेऊन संस्थेच्या गावातल्या माणसाकडे, म्हणजे त्याच्या पानठेल्यावर गेली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून पावतीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "पैशे म्या देल्ले, अन् नाव याईचं काऊन टाकलं?" तो हसून म्हणाला, "आजी, पुन्य तं घरातच राह्यते ना!" ठेल्यावरचे चारजणही हसले. तिथून ही गोष्ट पारावर गेली आणि पारावरून ग्रामसभेत. एकानं उठून सांगितलं की संस्था खाते, पावत्या बोगस असतात, सगळा हिशेब मांडा. दुसऱ्यानं विचारलं, भुकेल्याच्या ताटावर संशय घेताना जीभ कशी झडत नाही? मग दहा वर्षांपूर्वी बुडालेल्या पतसंस्थेचा विषय निघाला, मग सोसायटीच्या निवडणुकीचा. सव्वा तासात आजीच्या बोटाखालच्या त्या नावाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ती मागे शाळेच्या व्हरांड्यातल्या खांबाला टेकून बसली होती.

या वादात दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या आहेत. तक्रार म्हणजे चोरीचा आरोप, असं दोघांनीही धरलं आहे. म्हणून एकाला ती शस्त्र वाटते आणि दुसऱ्याला विटाळ. माझं मत मी आधीच सांगून टाकतो. देणगीदाराची तक्रार हा त्यानं दिलेल्या दानाचाच राहिलेला भाग असतो. ज्याला संस्थेशी काही देणंघेणं उरलेलं नाही तो तक्रार करत नाही, पुढच्या वर्षी वर्गणीवाले दिसले की कडी लावून घेतो. तेव्हा पैसा जसा मोजून, लिहून, क्रमांक टाकून घेतला जातो तशीच तक्रारही लिहून, क्रमांक टाकून घेतली पाहिजे, आणि ती ऐकणारा माणूस वर्गणी करणारा नसला पाहिजे. एवढं न करणारी संस्था चोर असेल असं मी म्हणत नाही. लोकांच्या पैशावर चालायला ती अजून तयार झालेली नाही, असं मात्र म्हणतो.

हे म्हणणाऱ्यानं आपली बाजूही सांगावी. विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाचा मी नऊ वर्षं कोषाध्यक्ष होतो. पावतीपुस्तकांची गठडी, रोजकीर्द, मार्च उलटला की सीएच्या कार्यालयाच्या खेपा, हे सगळं केलेलं आहे. दान मागताना पोटात कसा गोळा येतो तेही ठाऊक आहे. त्यामुळे संस्थावाल्यांचं म्हणणं मला परकं नाही.

त्यांचं सगळ्यात वजनदार म्हणणं असं की गावात तक्रार कधी एकटी येत नाही, तिच्यामागे गट असतो. हे खरं आहे. सरपंचपद हातचं गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी शाळेच्या, मंदिराच्या, नाहीतर गोशाळेच्या हिशेबाची चौकशी मागतो, हे विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यात पाहून घ्यावं. धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट दाखल झाला की त्यावर हरकत घ्यायची, मग वर्षानुवर्षं तारखा. ज्यांनी संस्थेचा चहाही कधी फुकट घेतला नाही असे म्हातारे विश्वस्त एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालून थकलेले मी पाहिले आहेत. तक्रारींना दार उघडलं तर असल्या लोकांना आमंत्रणच नाही का?

मला नेमकं उलटं दिसतं. आजीची तक्रार पानठेल्यावरच मिटत होती. नवी पावती, एक "चुकलं आजी", आणि विषय संपला असता. ती तिथे घेतली गेली नाही म्हणून ग्रामसभेत गेली, आणि तिथे तिला ज्यांनी उचललं त्यांना आजीशी काही कर्तव्य नव्हतं. तक्रार बेवारस सापडली की तिला दत्तक घ्यायला गट टपलेलेच असतात. द्वेषापोटी केलेली तक्रार ओळखायची खूण सोपी आहे: तिला उत्तर नको असतं. लेखी उत्तर दिलं तरी ती तशीच पुढच्या कार्यालयात जाते. ज्या संस्थेकडे तारीखवार नोंदवही आहे, अमुक तारखेला हे विचारलं, तमुक तारखेला हे उत्तर दिलं, ती चौकशी अधिकाऱ्यासमोर वही ठेवू शकते. जिच्याकडे वही नाही तिच्याकडे "साहेब, आम्ही सेवा करतो" एवढंच वाक्य उरतं, आणि ते वाक्य पैसे खाणारेही तितक्याच कळवळ्यानं म्हणतात.

दुसरा आक्षेप धर्माचा आहे आणि त्याला मी हलकं मानत नाही. दिलं ते दिलं, दान करून हिशेब मागू नये, त्यानं दान बाटतं, असं आपल्याकडे मानतात. या समजुतीनं माणसांना मोठं केलं आहे. आमच्याकडे भंडाऱ्याला पोतंभर गहू रात्री आणून ठेवून नाव न सांगणारे शेतकरी आहेत, आणि गहू कुणाचा हे स्वयंपाक करणाऱ्यांनाही कळत नाही. पण नाव न सांगणं हे देणाऱ्याचं व्रत आहे. त्या व्रताच्या आडोशाला घेणाऱ्यानं उभं राहायचं हा कुठला न्याय? गुप्तदान असतं, गुप्त हिशेब कुठल्या शास्त्रात सांगितला आहे? आणि आजीनं तर हिशेबही मागितलेला नव्हता. सातबाऱ्यावर जिचं नाव चढायला चार वर्षं लागली, जिच्या हातून आयुष्यात एकही सही मोठ्या कागदावर झाली नाही, तिनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं हजार रुपये कुणाला तरी दिले होते, आणि त्या दानावरही माणूस मेलेल्या नवऱ्याचा हक्क लावून गेला. यात पुण्याचा हिशेब तिनं मांडला की त्या ठेलेवाल्यानं?

ग्रामसभेत एक वाक्य टाळ्या घेऊन गेलं: "गाडगेबाबांना कोनी हिशेब मांगला होता काय?" टाळ्या मीही वाजवल्या असत्या, प्रश्न नीट ऐकला नसता तर. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसानं कीर्तनं करून लोकांच्या पैशातून धर्मशाळा, सदावर्तं, शाळा उभ्या केल्या आणि स्वतः चिंध्या पांघरून हिंडला. त्या धर्मशाळांत घरच्या माणसांचा हक्क लागू नये याची काळजी त्यानंच घेतली आणि कारभार विश्वस्तांच्या हाती दिला. त्याला हिशेब विचारावा लागला नाही, कारण लोकांना दिसायचं ते सगळं होतं आणि जे दिसायचं त्यापलीकडे काही नव्हतं. हातात खराटा धरून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला ही सवलत कशी मिळेल? उलट मी म्हणतो, बाबांचं नाव घेणाऱ्या संस्थेला तर दुप्पट प्रश्न विचारावेत. ती स्वतःची नव्हे, बाबांची पत वापरून उधार मागते आहे.

आणखी एक पुरावा आहे, तो दोन्ही बाजूंना गैरसोयीचा. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या भारतीयांच्या संघटनेच्या, नाताळ इंडियन काँग्रेसच्या, सुरुवातीच्या दिवसांबद्दल गांधीजींनी लिहून ठेवलं आहे की लोकांना पावतीची पर्वा नसायची, तरी आम्ही ती देण्याचा आग्रह धरायचो. पै-पैचा हिशेब राहायचा, आणि १८९४ च्या हिशेबाच्या वह्या कित्येक वर्षांनीही शाबूत होत्या. पावती न मागणाऱ्याला पावती द्यायची, हे वाक्य आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक संस्थेच्या भिंतीवर असायला हवं. पण त्याच आठवणींत टोंगाट नावाच्या गावची रात्रही आहे. यजमानाकडून सहा पौंडांची अपेक्षा होती, तो तीनाच्या वर जाईना. याच्याकडून तीन घेतले तर बाकीचेही तेवढेच देतील, म्हणून गांधीजी आणि त्यांचे सोबती जेवायला न उठता त्याच्या घरी रात्रभर बसून राहिले. पहाटे तो नमला, त्यानं सहा पौंड दिले आणि मग सगळे जेवले. गांधीजींनी ही गोष्ट लपवली नाही, सरळ लिहिली. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो होतो. आता वाचतो तेव्हा त्या यजमानाचा विचार येतो. उपाशी पाहुणे ओसरीवर बसवून मागितलेले वरचे तीन पौंड दान होते की सुटका? आणि त्यानं सकाळी जाऊन कुणाकडे तक्रार करायची होती?

ही गोष्ट मी गांधीजींना कमी लेखायला सांगत नाही. हेतू स्वच्छ, हिशेब स्वच्छ, आणि तरीही मागण्याची रीत जाचक असू शकते, हे त्यातून दिसतं. आमची पोरं म्हणूनच चिडतात. "आम्ही एक पैसा खाल्ला नाही," ती सांगतात, आणि ते खरं असतं. पण आजीनं खाल्ल्याचं म्हटलंच कुठे? शेजाऱ्याचा आकडा सांगून, आधी पावती फाडून, मग हात पुढे करणं ही तक्रार आहे. शाळेतल्या पोरांच्या हाती पावतीपुस्तकं देऊन "दहा पावत्या खपवून आणा" म्हणणं ही तक्रार आहे. सप्ताहाच्या लाउडस्पीकरवरून देणाऱ्यांची नावं रकमेसकट वाचणं, म्हणजे न देणाऱ्यांचीही वाचणंच, ही तक्रार आहे. लेखापरीक्षकाच्या अहवालात यातलं काही उमटत नाही. किर्दीत सगळं जुळतं.

वऱ्हाडला हे नवं नाही. कापसाच्या बाजारात शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून अडत, हमाली, तोलाई यांच्यासोबत 'धर्मादाय' नावानं काही पैसे कापायची रीत होती. त्या पैशातून धर्मशाळा चालत, गोरक्षण चाले, कधी कुणाच्या नावाचं मंदिर उभं राही. दान शेतकऱ्याचं, नाव अडत्याचं. तक्रार करणारा शेतकरी अधर्मी ठरायचा, कारण गाईच्या चाऱ्यावर कुणी बोलायचं? पण कारंजा लाडला १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा आला, आणि पुढे बाजार समित्यांच्या नियमांनी ठरवून दिलं की पट्टीत काय कापायचं आणि काय नाही. धर्म त्यामुळे बुडाला का? गोरक्षणं आजही आहेत. ज्यांना द्यायचं होतं ते देत राहिले. ज्यांच्या पट्टीतून काढून घेतलं जात होतं त्यांचा तेवढा गळा सुटला. दान आणि वसुली यांतली रेघ आपल्या आजोबा-पणजोबांनी बाजारात भांडून आखून घेतली होती. ती आपण ओसरीवर पुसून टाकतो आहोत.

मग तक्रार घ्यायची संस्थांनी, पण कायदा काय करतो? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० सालचा आहे. नोंदणी, दरवर्षीचं लेखापरीक्षण, परवानगीशिवाय लोकांकडून पैसा गोळा करणाऱ्यांसाठी ४१ सी कलम, गैरकारभाराची चौकशी, विश्वस्तांना दूर करण्याचा अधिकार, सगळं त्यात आहे. पण हिशेब जातो जिल्ह्याच्या कार्यालयात, आजीच्या ओसरीवर नाही. धर्मादाय आयुक्तांकडे जायचं म्हणजे अर्ज, वकील, तारीख. एका नावाच्या दुरुस्तीसाठी हे करा असं तिला कोण सांगणार? आयकरातली देणगीवरची सवलत, जिला ८०जी म्हणतात, शहरातल्या दात्याच्या हाती थोडी ताकद देते. त्याला नाव, पॅन आणि रक्कम बिनचूक असलेलं प्रमाणपत्र लागतं, दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत नाही, म्हणून संस्थाही त्याच्या बाबतीत टापटीप असते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. कापूस विकून वर्गणी देणाऱ्याला पावतीचा कवडीचा फायदा नाही, आणि म्हणूनच त्याच्या पावतीवर कुणाचंही नाव चालतं. एकाच संस्थेत पुण्याच्या दात्याचं नाव तीनदा तपासलं जातं आणि गावातल्या आजीचं गेल्या वर्षीच्या यादीवरून उतरवलं जातं. या पावतीचा उपयोग तिला एकच होता, ती आपण दिली हे सांगायचा.

पुण्या-मुंबईच्या दात्यांचा विषय निघालाच आहे तर हेही बोलून घेतो. आमच्या जिल्ह्याच्या नावानं, शेतकऱ्यांच्या विधवांचे फोटो छापून, गेली वीस वर्षं शहरांतून पैसा उभा होतो आहे. त्यातून चांगली कामं झाली. पण "त्या फोटोतल्या बाईला काय मिळालं?" असं विचारणाऱ्या दात्याला "आपला विश्वास हीच आमची शक्ती" असं छापील पत्र जातं, आणि फोटोतली बाई स्वतः विचारायला गेली तर तिला कुठल्या खिडकीत उभं करायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं. ती देणगीदार नाही. पण तिचा चेहरा हीच तिची देणगी नव्हती का?

प्रत्येक संस्था म्हणते, आम्ही वर्षातून एकदाच येतो. खरं आहे. पण आजीच्या दारातून पाहा. दिवाळीनंतर कापूस निघाला की सप्ताहवाले, मंदिराच्या कळसवाले, जयंतीवाले, गोशाळावाले, शाळेच्या संरक्षक भिंतीवाले, अन्नछत्रवाले, आणि आता मोबाइलवर कुण्या परमुलखातून कुणाच्या ऑपरेशनसाठी फोन करणारे. प्रत्येकाचं "फक्त पाचशे". इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात २०१५ साली अशाच प्रश्नावर वादळ उठलं होतं. सैनिकांसाठी कागदी पॉपीची फुलं विकून आयुष्यभर निधी जमवणारी ९२ वर्षांची एक म्हातारी वारली, आणि तिच्याकडे कितीतरी संस्थांची मदत मागणारी पत्रं सतत येत होती हे बाहेर आलं. तिच्या मृत्यूला संस्था जबाबदार नाहीत, असं तिच्या घरच्यांनीच स्पष्ट केलं. तरीही लोक थांबले नाहीत, आणि २०१६ मध्ये तिथे निधी उभारणीवरच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र नियामक बसला. एकेक संस्था निर्दोष आणि सगळ्या मिळून जाच, हे गणित वहीत तक्रार लिहिल्याशिवाय कुणाच्याच लक्षात येत नाही. आपल्याकडे तसा नियामक हवा असं मी म्हणत नाही. आपल्याला आणखी एक कार्यालय मिळालं तर आणखी एक खिडकी मिळेल, एवढंच.

आता दात्यालाही दोन शब्द, नाहीतर माझी वकिली एकतर्फी होईल. तक्रार घ्यायची म्हणजे ती मानायची असं नाही. मी कोषाध्यक्ष असताना वर्षाला पाच आकडी रक्कम देणारे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, आमच्या पैशाच्या खोलीत "त्या वस्तीतली" पोरं नकोत. विश्वस्तांपैकी दोघांचा चेहरा पडला, कारण छपराचं काम अर्धवट होतं. आम्ही त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं आणि खाली उत्तर लिहिलं: मान्य नाही. लिहिलेलं ऐकताना त्यांनाच कसंतरी झालं असावं, त्यांनी ते पान फाडायला सांगितलं. आम्ही फाडलं नाही. पैसा मागण्याच्या रीतीबद्दल, दिलेल्या शब्दाबद्दल, पावतीबद्दल दात्याचा पूर्ण अधिकार. जेवायला कोण बसेल आणि खोलीत कोण झोपेल यावर त्याचा अधिकार नाही. भूदानात दिलेली जमीन पोराच्या मनात आलं म्हणून परत घेता येत नव्हती, ते योग्यच होतं. पण ही सीमा आखायलाही वही लागते. तोंडी कारभारात मोठ्या दात्याची नको ती मागणी गुपचूप पुरी होते आणि लहान दात्याच्या हक्काच्या मागणीवर ठेल्यावर हशा होतो.

माझ्या हातून झालेली चूक मात्र वहीत नाही. वसतिगृहाच्या वार्षिक अहवालात आम्ही हजारावरच्या देणगीदारांची नावं छापायचो, आणि खाली एक ओळ, "इतर किरकोळ देणग्या", तिच्यासमोर एकत्रित रक्कम. गावातला एक शिंपी पहिल्या वर्षापासून न चुकता २५१ रुपये द्यायचा. एकदा अहवाल घेऊन आला. "सर, दरसाल पावती फाडतो, अन् पुस्तकात मी किरकोळ?" मी त्याला छपाईचा खर्च समजावला, पानांची संख्या सांगितली, लेखापरीक्षकाची पद्धत सांगितली. सगळं खरं होतं. त्यानं मान हलवली, चहा घेतला आणि गेला. पुढच्या वर्षी म्हणाला, "औंदा जमत नाही, सर." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मला कळायला तिसरं वर्ष लागलं. चार पानं जास्त छापायला किती लागले असते? मी त्याला उत्तर दिलं, पण त्याची तक्रार घेतली नाही.

राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. लहान संस्था, बिनपगारी माणसं, तक्रार विभाग कुठून आणायचा? विभाग कुणी मागितला आहे? दोनशे पानी वही लागते. पावतीच्या पाठीवर एका विश्वस्ताचं नाव आणि फोन लागतो, आणि तो विश्वस्त वर्गणी करत हिंडणारा नसावा, कारण ज्याच्याबद्दल गाऱ्हाणं त्याच्याकडेच गाऱ्हाणं हा आमच्या पानठेल्याचा कारभार झाला. लिहिता न येणाऱ्याचं बोलणं त्याच्याच बोलीत लिहून घ्यावं. "देणगीदाराने नावाबाबत असमाधान व्यक्त केले" असं लिहिलं की आजी त्यातून निघून जाते. पंधरा दिवसांत उत्तर, आणि वाचता न येणाऱ्याच्या घरी जाऊन ते वाचून दाखवणं. दबावानं घेतलेले पैसे मागितले तर वाद न घालता परत, नोंद करून. फोनवर स्कॅन करायचा कोड संस्थेच्या खात्याचा, सचिवाच्या बायकोच्या खात्याचा नाही; स्कॅन केल्यावर कुणाचं नाव येतं ते आता शेतमजूरही वाचतो. आणि वर्षाच्या सभेत ती वही मोठ्यानं वाचावी, जसे देणगीदारांची नावं वाचतो तशी. नऊ वर्षांत आमच्याकडे आलेल्या तक्रारी दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. पानठेल्यावरच्या हशापायी अख्ख्या ग्रामसभेचा सव्वा तास गेला, त्यात किती वह्या लिहून झाल्या असत्या?

हा लेख लिहायच्या आधी मी तालुक्याला जाऊन संस्थेच्या सचिवांना भेटलो. माणूस सज्जन. म्हणाले, पावती एकदा फाडली की बदलता येत नाही, ऑडिटला अडचण येते. मी त्यांना सांगितलं, येते, पण वाट आहे. आजीकडची पावती परत घ्यायची, तिच्यावर आणि स्थळप्रतीवर 'रद्द' लिहून सही करायची, ती स्थळप्रतीला टाचायची, आणि जुन्या क्रमांकाचा उल्लेख करून तिच्या नावानं नवी फाडायची. मी हे नऊ वर्षांत चारदा केलं आहे, कुठल्याही सीएनं हरकत घेतलेली नाही. त्यांनी कपाट उघडून पुस्तक काढलं. स्थळप्रत होती. मग पेन हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "आजीचं नाव काय?"

मला सांगता आलं नाही. ग्रामसभेत सव्वा तास मीही बसलो होतो.